चिनी अक्षरांची संथा

"पुन्हा सांग," असं म्हणून ह्यांनी डोळे मिटून घेतले.

तेजश्रीने हातातलं कार्ड खाली केलं आणि माझ्याकडे बघितलं. कार्डावर एक चिनी अक्षर होतं, झाडाचं. ते बघायचं, ओळखायचं आणि लक्षात ठेवायचं, एवढाच त्या दिवसाचा धडा. आणि आमचे विद्यार्थी मांडी घालून, पाठ ताठ करून, डोळे गच्च मिटून बसलेले. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, पण वाचायला बसलेला माणूस डोळे मिटून घेतो हे पहिल्यांदाच बघत होते.

"बाबा, डोळे तर उघडा. देखेंगे नहीं तो याद कैसे रहेगा?" इथल्या हिंदीत वाढलेली तेजश्री म्हणाली.

"याद बघून नाही राहत, ऐकून राहते. तू सांग."

शेवटी लेकीने हार मानली. अक्षर काढताना हात कसा कसा जातो ते ती सांगू लागली. आडवी रेघ, उभी रेघ, डावीकडे उतरती, उजवीकडे उतरती. ह्यांनी ते दोनदा म्हटलं आणि मग सवयीने त्याचा घनच सुरू केला. "आडवी उभी, उभी आडवी, आडवी उभी डावी, डावी उभी आडवी, आडवी उभी डावी." आवाज असा खणखणीत की खाली गल्लीतून जाणारा दूधवाला थबकून वर बघायला लागला. मला हसू आवरेना म्हणून मी चहाच्या निमित्ताने आत गेले.

हे, म्हणजे शिवराम टेंबे, दुर्गाघाटावरचे ऋग्वेदाचे घनपाठी. ऋचेतले शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे असे विणत म्हणायचे, एकही स्वर इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, आणि हे सगळं तोंडपाठ. लहानपणी गुरूंसमोर बसून ते एकेक शब्द ऐकून शिकले. गुरूंनी एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा, याला संथा म्हणतात. पोथी घरात आहे, पण ती देवासारखी कपड्यात बांधून ठेवलेली. तिच्यात बघून म्हणणं ह्यांच्या लेखी लबाडीच. तेव्हा अशा माणसाने सासष्टाव्या वर्षी चिनी लिपी शिकायला का बसावं, हे आधी सांगायला हवं.

कार्तिकात ब्रह्माघाटाजवळ एका घरी वसंतपूजा होती. नाव वसंताचं असलं तरी आमच्याकडे ती कधीही होते. वैदिकांना बोलवायचं, गंध-अत्तर लावायचं, हार घालायचे आणि त्यांच्याकडून वेद ऐकायचा. हे नेहमीप्रमाणे देवव्रत पटवर्धनांच्या शेजारी बसले होते. दोघे एकाच गुरूंचे शिष्य, मिसरूड फुटायच्या आधीपासूनचे जोडीदार. मला अर्थ कळत नसला तरी लग्न होऊन आल्यापासून कानावर तेच आहे. तर ऐन रंगात आलेलं असताना देवव्रतांचा आवाज एकदम चढला. ह्यांचा आवाज क्षणभर खाली बसला आणि मग पुन्हा देवव्रतांच्या आवाजाला येऊन मिळाला. कोणाच्या लक्षात आलं नाही. यजमानीणबाई तर शेजारणीशी मटारच्या भावावर बोलत होत्या. मला मात्र खटकलं.

ह्यांनी ते चार दिवस मनात ठेवलं. मग एकदा जेवण झाल्यावर हात न धुता तसेच पाटावर बसून राहिले आणि म्हणाले, "अगं, माझं ठिकाण सुटतंय."

सारख्याच शब्दांच्या ऋचा वेदात निरनिराळ्या जागी येतात. तिथे जीभ भलत्याच वाटेला लागू शकते, म्हणून आपण नेमके कुठे आहोत याचं भान ठेवावं लागतं. ते भान म्हणजे ठिकाण. ह्यांचं ठिकाण पूर्वी कधी सुटलं नव्हतं. आता वसंतपूजेत सुटलं, आणि त्यानंतर घरी विद्यार्थ्यांना शिकवतानाही एकदा सुटलं. मी म्हटलं, वय झालं, थकवा असेल, डॉक्टरांना दाखवू. त्यावर ते चिडले नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. शांतपणे म्हणाले की थकवा असेल तर काही प्रश्न नाही, पण डोकंच रिकामं होत असेल तर विद्यार्थ्यांपुढे बसण्याचा हक्क आपल्याला नाही. चुकीची संथा दिली तर ती त्या मुलांच्या तोंडी बसते, त्यांच्याकडून पुढच्यांच्या, आणि मग ती कोणी काढू शकत नाही.

"पण कळणार कसं?" मी विचारलं.

"जुनं जिभेवरच आहे. ते आपोआप येतं, त्यावरून काही कळत नाही. नवीन काही डोक्यात राहतं का, ते बघायला पाहिजे. एकदम नवीन."

एकदम नवीन म्हणजे काय, तर तेजश्रीच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेली चिनी अक्षरं. ही आमची धाकटी. विद्यापीठात चिनीचा डिप्लोमा केला, आणि आता इथून जवळच सारनाथला तैवानहून येणाऱ्या यात्रेकरूंबरोबर दुभाषी म्हणून फिरते. बंगाली, तमिळ, तेलुगू, इंग्रजी, सगळं घाटावर ह्यांच्या कानावरून गेलेलं. चिनीचा मात्र एक शब्दही ओळखीचा नव्हता. भिंतीसमोर उभं राहून त्यांनी लेकीला विचारलं, हे अक्षर बघून त्याचा उच्चार कसा कळतो? तेजश्री म्हणाली, बघून नाही कळत, तो वेगळा लक्षात ठेवावा लागतो. उच्चार न सांगणारं अक्षर जगात असू शकतं हे ह्यांना पटेना. दोन दिवस त्याच विचारात होते. मग म्हणाले, हेच शिकीन.

पहिल्या महिन्यात आमच्या घरात जी करमणूक झाली ती विचारू नका. घोकून घोकून ह्यांनी बरीच अक्षरं पाठ केली. पहिल्यापासून सुरुवात केली की हात धडाधड चालायचा, अक्षरामागून अक्षर पाटीवर उतरायचं, आणि तेजश्रीसुद्धा तोंडात बोट घालायची. पण मधलंच एखादं कार्ड समोर धरलं की गाडी अडायची. मग पहिल्यापासून मनात म्हणत म्हणत तिथपर्यंत यावं लागायचं. एकदा तिने कार्डं पिसली तर हे रागावून उठलेच. "क्रम मोडलास तू," म्हणाले, जसं काही तिने देव्हाऱ्याला लाथ मारली होती. तिने समजावलं की बाजारात पाटीवर अक्षरं क्रमाने येत नाहीत. ह्यांनी विचारलं, मग लोक वाचतात कसं?

घराच्या अक्षराची तर गंमतच झाली. वर छप्पर, आणि खाली जे आहे ते मुळात डुक्कर, असं तेजश्रीच्या तोंडून निघून गेलं. हे पाटीकडे बघत राहिले. मग अगदी सौम्यपणे, खाली गाय काढली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर काढलं बिचाऱ्यांनी, पण तेवढी पाटी लगेच पुसली.

हळूहळू ते बघायला शिकले. दोन तंगड्या टाकून चाललेला तो माणूस. माणूस झाडाला टेकला की विश्रांती. हे ह्यांना फार आवडलं. दिवसभर ज्याला त्याला सांगत होते, भाजीवाल्यालासुद्धा. सगळ्यात छळलं ते चौकोनांनी. नुसता चौकोन म्हणजे तोंड, आत एक रेघ आली की सूर्य, दोन आल्या की डोळा. तिन्हीत फरक एवढासाच, आणि त्यात गाऊन लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं.

माघात यात्रेकरूंची गर्दी वाढली. तेजश्री सकाळी जायची ती संध्याकाळी दमून यायची. म्हणून दुपारची उजळणी माझ्याकडे आली. चिनी मला येत नव्हतं, पण कार्डाच्या मागे मराठीत अर्थ लिहिलेला होता, आणि कार्ड धरून विचारणं हा तर माझा धंदाच. खिडकीपाशी उन्हात आम्ही बसायचो. मी कार्ड धरायची, हे सांगायचे. पहिले काही दिवस फार चुका झाल्या. काल आलेलं आज यायचं नाही. त्यांचा चेहरा उतरायचा, रात्री जेवण जायचं नाही, विद्यार्थी आले तर डोकं दुखतं म्हणून परत पाठवायचे.

मग मी लबाडी केली. शाळेत साहेब तपासणीला आले की वर्गातल्या कच्च्या पोरांना मी डोळ्यांनी उत्तरं सांगायची. पोरं पास व्हायची, साहेब खूश, मीही खूश. तेच घरी केलं. सूर्याचं कार्ड आलं की खिडकीबाहेर बघायचं. तोंडाचं आलं की पदराने ओठ टिपायचे. डोळ्याचं आलं की पापणी चोळायची, झाडाचं आलं की तुळशीकडे नजर टाकायची. ठरवून केलं नाही, आपोआप सुरू झालं, पण नंतर मी थांबवलंही नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. माणूस जेवायला लागला होता.

आणि उत्तरं यायला लागली. हे खुलले. आठवडाभरात त्यांनी विद्यार्थ्यांना परत बोलावलं. फाल्गुनात बालाजी मंदिरातल्या वसंतपूजेचं आमंत्रण आलं तेव्हा हो म्हणून कळवलं. देवव्रतांना भेटून आले आणि मला म्हणाले की डोकं शाबूत आहे, उगाच घाबरलो होतो. त्या दिवशी त्यांनी दुपारी केशरी श्रीखंडाची फर्माईश केली. मीही मनात म्हटलं, असेल शाबूत. खोटं माझ्या हाताचं होतं, तरी मला ते खरं वाटायला लागलं होतं.

एका रविवारी तेजश्रीला सुट्टी होती. बाबांची प्रगती बघू म्हणून ती कार्डं घेऊन बसली. मी ठठेरी बाजारात गेले होते. परत आले तेव्हा जिन्यातच सामसूम जाणवली. वर आले तर तेजश्री कार्डं गोळा करत होती आणि तिचा चेहरा पडलेला. हे खिडकीपाशी बसले होते. पिशवी ठेवायच्या आधीच मला समजलं.

"आई, बाबा कार्ड बघतच नव्हते," तेजश्री स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली. "दरवाजाकडे बघत होते. हर बार. मतलब कोणी तरी येऊन सांगेल असं."

मी पिशवी रिकामी करायला लागले. लेक हुशार आहे, तिने काही विचारलं नाही.

दुपारी हे अंगावर उपरणं टाकून बाहेर पडले. कुठे ते सांगितलं नाही. दिवेलागणीला आले, पाय धुतले, संध्या केली, आणि मग माझ्यासमोर येऊन बसले. देवव्रतांकडे गेलो होतो म्हणाले. कार्तिकापासून आपण किती वेळा चुकलो ते खरं सांग, असं त्यांना विचारलं होतं. देवव्रत आधी उडवाउडवी करत होते. शेवटी गुरूंची शपथ घातली तेव्हा बोलले, की कार्तिकाच्याही आधीपासून, जवळजवळ प्रत्येक वेळी. ह्यांचा आवाज डगमगला की ते आपला आवाज चढवायचे. ह्यांना त्यातलं एकदाच जाणवलं होतं, बाकीचे समजलेही नव्हते.

"तूही तेच करत होतीस," हे म्हणाले.

मी मान खाली घातली.

"मी चिनी शिकत नव्हतो, तुझा चेहरा शिकत होतो. तो येतो मला चांगला." ते जरा हसले. मग म्हणाले, "तुम्ही दोघं सावरता, ते प्रेमानेच सावरता. पण मग मला समजणार कसं, सांग? आणि त्या मुलांचं काय? त्यांना कोण सावरणार? ते तर मी म्हणेन तेच खरं मानतात."

मला रडू आलं. मी म्हटलं, सोडून द्या ना ती कार्डं, आपल्याला काय करायचंय चिनी घेऊन. त्यांनी मान हलवली. उद्या दुपारी तू कार्डं धर, म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बस.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि एकेक कार्ड खांद्यावरून मागे धरू लागले. भिंतीवरचा पोपडा तेवढा मला दिसत होता. ह्यांनी सांगावं, मी कार्ड उलटून मागचं वाचावं, बरोबर की चूक ते म्हणावं. झाड आलं. माणूस आला. त्यानंतर मी कार्ड धरून बसले होते आणि मागून आवाज येत नव्हता. हात भरून आला तरी मी खाली घेतला नाही. वळून बघावंसं इतकं वाटत होतं की मी दुसऱ्या हाताने पाटाची कड धरून ठेवली. बऱ्याच वेळाने ते म्हणायचे, "पुढचं घे." मी पुढचं घ्यायची. पुन्हा तेच. विश्रांतीचं अक्षर आलं, जे त्यांनी भाजीवाल्याला समजावून सांगितलं होतं, तेव्हा ते म्हणाले, "हे मला कधी शिकवलं होतं का?"

मी म्हटलं, हो.

"छान आहे," ते म्हणाले. "माणूस झाडाला टेकलाय."

त्यांनी ते त्या क्षणी, तिथे बसून, नव्याने ओळखलं होतं. मी भिंतीकडे बघतच म्हटलं, बरोबर. पण ते लक्षात ठेवलेलं नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळलं होतं, आणि परीक्षा लक्षात ठेवण्याचीच होती.

पुढचं सगळं त्यांनी नीट आणि लवकर उरकलं. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते देवव्रतांकडे गेले आणि सोपवून आले. गेल्या वर्षभरात आपण दिलेली संथा पुन्हा पहिल्यापासून तपासून घे, असं त्यांनी मुलांसमोरच देवव्रतांना सांगितलं. मुलं गोंधळली. एकाने विचारलं की गुरुजी, आमचं काय चुकलं? ह्यांनी त्याला जवळ बसवून सांगितलं की तुमचं नाही, माझं. हे मला नंतर देवव्रतांनी सांगितलं. तेजश्रीच्या आग्रहाखातर डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी मेंदूचे फोटो काढले, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. नाव ऐकून हे म्हणाले की बरं झालं, नाव आहे म्हणजे आपण एकटे नाही.

कार्डं मात्र बंद झाली नाहीत. मला वाटलं होतं ते आता त्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. पण दुपार झाली की स्वतःच काढून बसतात. आता मी विचारत नाही, तेही पाठ करत नाहीत. एकेक उचलतात, बघतात, त्यात काय दिसतं ते मला सांगतात. कधी काल सांगितलेलंच सांगतात. मी ऐकते.

फाल्गुनात बालाजी मंदिरात वसंतपूजा झाली. आमंत्रण स्वीकारलेलं होतं, त्यामुळे त्यांनी आधीच जाऊन मंडळींना सांगितलं की म्हणायला नाही, ऐकायला येईन. मी म्हटलं, घरीच राहू या, लोक विचारत बसतील. ते म्हणाले, विचारलं तर सांगू. धुतलेलं धोतर नेसले, शाल घेतली, आणि आम्ही दोघं गेलो.

वैदिक दोन रांगांत समोरासमोर बसले होते. देवव्रतांच्या शेजारी आता निनाद जोगळेकर होता, पोरगेलासा, पण तयारीचा. हे श्रोत्यांत येऊन बायकांच्या जाजमाशेजारी बसले, अगदी माझ्या बाजूला. इतकी वर्षं ते समोरच्या रांगेत आणि मी इकडे, अशीच सवय. मला पदर कुठे घ्यावा ते सुचेना.

घन सुरू झाला. श्रोत्यांत जे जे जाणते होते त्यांचे ओठ हलू लागले. वैदिक माणूस ऐकायला बसला तरी आतून म्हणतच असतो. आपोआप होतं ते, शिंक यावी तसं. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ओठ मिटून ठेवले होते. जबड्याची शीर उठली होती, एवढं ते कष्टाचं होतं, पण एक अक्षरही त्यांनी बाहेर येऊ दिलं नाही.

अत्तरदाणी घेऊन मंडळींपैकी एकजण सवयीने त्यांच्यापुढे येऊन थांबला. वैदिकांच्या मनगटाला अत्तर लावायचं असतं. ह्यांनी हात पुढे केला नाही. नमस्कार केला आणि समोरच्या रांगेकडे बोट दाखवलं. तो तिकडे गेला.

बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे झुकले.

"देवव्रतचा आवाज इतका गोड आहे, मला माहीतच नव्हतं."

"जन्मभर शेजारी तर बसत होतात," मी म्हटलं.

"म्हणत होतो ना. ऐकायला कुठे मिळालं," ते म्हणाले, आणि मांडी बदलून नीट बसले.